सीट घरी ठेवायची असते

३ जून

चिमणे,

तुझा नवरा सुखरूप पोचला, आधी एवढं वाच आणि मग घोटभर पाणी पी. फोनवर मला निम्मं ऐकू येतं, उरलेलं निम्मं मी मनाने भरते आणि मग तू म्हणतेस, आजी, मी असं कधी म्हणाले? म्हणून कागदच बरा. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच. माझ्या बोलण्यात अंदाजाबाहेरचं काही नसतं.

जावईबापू गोड माणूस गं. कंपनी म्हणे त्यांना हॉटेलात ठेवणार होती. मी म्हटलं, माझं घर असताना हॉटेल कशाला, मला भिंतीशी बोलून बोलून कंटाळा आलाय. भिंत निदान हूं तरी म्हणेल असं वाटतं, तीही म्हणत नाही.

पण काय ती गाडी! परदेशी, काळीभोर, आरसा आहे नुसता, आणि चाल मांजराची. दारात येऊन उभी राहिली तरी मला पत्ता नाही. आपल्या गल्लीत आपल्याच कारखान्यात बनलेल्या गाडीशिवाय दुसरी गाडी उभी राहिलेली तू कधी पाहिलीस? कारखान्याला टाळं लागून युग झालं, तरी रंगवाले रोज सकाळी बायकोकडून धक्का मारून घेतात पण दुसरी गाडी घेत नाहीत. ती बिचारी म्हणते, माझी कंबर गेली. तर हे म्हणतात, माझ्या हातचा रंग आहे तिच्यावर. बायकोवर नाही ना रंग मारलेला! समोरच्या फोरमननी तर काळी गाडी बघितली आणि एवढ्या उकाड्यात खिडकी लावून घेतली.

जावईबापू हसले. म्हणाले, "आजी, गाडी आहे ती, सून नाही. बाहेरची आणली म्हणून काय बिघडलं?" त्यांना इथे हमरस्त्यावर त्यांच्या कंपनीचं दुरुस्तीचं गॅरेज उघडायचंय. म्हटलं, बापू, या गावात तुमच्याकडे येणार कोण? तर म्हणाले, "येतील. पुढची पिढी येईल."

एकदाच ओरडले मी त्यांच्यावर. बाहेरच्या खोलीत ह्यांची सीट आहे ना, तिच्यावर ते बसायलाच निघाले. मग त्यांना सगळं सांगावं लागलं. आमच्याकडे गाडी विकली तरी चालवणाऱ्याची सीट उतरवून घरी ठेवतात, घेणाऱ्याला कारखाना नवी सीट द्यायचा. बसून बसून सीटला माणसाचा खड्डा पडतो. पत्रा विकता येतो, बसलेला माणूस कसा विकायचा? फोरमनच्या घरी त्यांच्या वडलांची आहे, रंगवाल्यांकडे भावाची. कोणी बसत नाही तिच्यावर. बापू ऐकून घेतात, पण डोळ्यांत हसतात. चालायचंच.

प्रवासाने त्यांची पाठ धरली आहे. तेवढं सांग, काय लावू?

तुझी आजी

१० जून

आजी,

तुझं पत्र वाचून ऑफिसात एकटीच हसत बसले. त्याची पाठ जुनी आहे, गरम पाण्याची पिशवी दे आणि ओझं उचलू देऊ नकोस. ती भारी गाडी कंपनीकडून घेताना म्हणाला होता, हिच्या सीटवर पाठ दुखतच नाही. आता विचार त्याला!

गल्लीतल्यांचं मनावर घेऊ देऊ नकोस. तुला माहीत आहे तो कसा आहे. आमचं पहिलं भांडण याच्यावरूनच झालं होतं. मी आजोबांच्या गाडीचं कौतुक करत होते तर म्हणाला, आपल्या माणसांनी बनवली म्हणून वाईट गाडी चांगली होत नाही. मी एक दिवस बोलले नाही त्याच्याशी. मग त्यानेच चहा करून आणला आणि म्हणाला, चल, तुझी गाडी चांगली, माझा चहा वाईट. असा आहे तो. हरतो पण मत बदलत नाही.

घर फार रिकामं वाटतं गं. रोज रात्री फोन करायला सांग त्याला.

तुझी चिमणी

२२ जून

चिमणे,

आज मला इतका आनंद झालाय की लेखणी कागदावर ठरत नाही. पाठ बरी झाली! आणि कोणी केली? मी!

गरम पिशवी झाली, तेल झालं, डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, तरी बापू गाडीतून उतरताना खुंटीवरच्या कोटासारखे वाकडे. मी म्हटलं, त्या परदेशी सीटला तुमची पाठ ओळखूच येत नाही. आणि मग माझ्या डोक्यात आलं. ह्यांची सीट नुसती पडून आहे. कडेची शिवण उसवली तेव्हा मीच टाके घातले, पहिल्यांदा शिवलीही मीच होती, सीटच्या खात्यात होते ना मी. ह्यांची पाठ कधी म्हणून दुखली नाही. मग घरच्या माणसाला नाही द्यायची तर कोणाला?

बापू नको नको म्हणाले. पण दुखणं वाईट, शेवटी म्हणाले, करा काय करायचं ते.

फिटरकाकांना बोलावलं. तर सगळी गल्ली जमा. फोरमन म्हणाले, "परदेशी पत्र्यात आपली सीट? अपमान आहे हा." रंगवाले म्हणाले, "कोणाचा? पत्र्याचा की सीटचा?" यावर इतका वेळ भांडले की मी आत जाऊन चहा करून आले तरी तिथेच. फिटरकाकांनी एवढंच विचारलं, "वहिनी, जिवंत माणसाखाली ही सीट आजवर कोणी दिलेली नाही. नक्की ना?" मी म्हटलं, घरातल्या घरात आहे, बाहेर कुठे देतेय. भोकं जुळेनात, मग मध्ये लोखंडी पट्टी टाकून बसवली. काळ्या मऊ गादीशेजारी आपली तपकिरी सीट म्हणजे साहेबाच्या पंगतीत शेजारची म्हातारी बसावी तशी दिसते.

आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी बापू ताठ! गल्लीतून गाडी गेली तर सगळ्यांनी हात वर केला. फोरमननी खिडकी उघडली. रंगवाले तर ओट्यावरून उठून उभे राहिले, ह्यांना बघून राहायचे तसे.

संस्कार असतात बघ एकेकाचे. दार लावताना बापू आता जरा वर उचलून लावतात. तुला आठवतं, आपल्या गाडीचं दार उचलल्याशिवाय लागायचं नाही? या गाडीचं तर बोट लावलं की लागतं, तरी उचलतात. आणि सुरू करायच्या आधी डाव्या हाताने आपल्या गाडीचा चोक ओढल्यासारखं करतात. मी म्हटलं, बापू, इथे चोक कुठाय? तर हाताकडे बघत बसले आणि मग हसले. मला खूश करायला करतात गं. काल तर गाडीतूनच हाक मारली, "अगं ऐकलंस का, फाटक लाव." अगदी तसंच. मी हातातलं भांडं टाकून धावले. इतकं हसू आलं मला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

तुझी आजी

२९ जून

आजी,

पत्र वाचलं आणि बरं वाटलं नाही. रागावू नकोस.

तू म्हणतेस तो तुला खूश करायला करतो. पण आजी, चोकचं त्याला कोणी सांगितलं? तू सांगितलंस का? आजोबांना तर त्याने पाहिलंही नाही. काल फोन केला तर म्हणाला, "बोल पोरी." मी म्हटलं, हे काय नवीन? तर त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला, "अगं, मी काय म्हणालो आत्ता?" त्याचा आवाज घाबरलेला होता. तो कशाला घाबरत नाही, तुला माहीत आहे.

आज त्याच्या कंपनीतून साहेबांचा फोन आला. तो गॅरेजवर जातच नाही म्हणे. कामगार कुलपाबाहेर बसून असतात. मग सकाळी तो जातो कुठे?

ती सीट काढ, आजी. उद्याच काढ. पाठ दुखली तर दुखू दे. मला दुखऱ्या पाठीचा चालेल.

चिमणी

८ जुलै

चिमणे,

तू म्हणालीस तसं मी केलं, आता माझ्यावर ओरडायचं नाही.

फिटरकाका पाना घेऊन आले. बापू गाडीतच बसले होते, चहा पीत. काका म्हणाले, "जरा उतरता का?" बापू म्हणाले, "मी बसलोय ना." इतक्या प्रेमाने म्हणाले. काकांनी पाना पिशवीत टाकला आणि मला म्हणाले, "बसलेल्या माणसाखालची सीट मी काढणार नाही, वहिनी. आणि कोण बसलंय ते मला विचारू नका." तोंड पांढरंफटक झालं होतं त्यांचं. रक्तदाब असेल, मी तरी किती दिवस सांगते मीठ कमी करा.

सकाळी बापू जातात ते कारखान्याच्या फाटकाशी. फाटक गंजलंय, आत झाडं उगवलीत. तिथे गाडी लावतात, काच खाली करतात आणि बसतात. मग एकेक करून आमच्यातले उरलेले म्हातारेही जायला लागले, आपापल्या गाड्या घेऊन, धक्के मारत. रंगवाले म्हणतात, काच खाली केली की भोंगा ऐकू येतो. भोंग्याचं भंगार तर केव्हाच विकलं. मी म्हटलं, मला घेऊन चला एकदा. गेले. मला कानाने कमी ऐकू येतं, तुला ठाऊक आहे. पण आला गं ऐकू. चांगला लांबलचक.

गाडीही आता मांजर राहिलेली नाही. सकाळी आपल्या गाडीसारखी खोकते. चोक ओढल्यासारखा हात केला नाही तर सुरूच होत नाही. बोनेट उघडलं की तोच वास, गरम रबराचा. फोरमन हात फिरवून म्हणाले, "आली रांगेत." ज्या माणसाने खिडकी लावून घेतली होती तो!

तू म्हणशील म्हातारीला काही कळत नाही. कळतं गं. पण संध्याकाळी फाटक वाजतं, दोनदा खाकरण्याचा आवाज येतो, वर्तमानपत्राची चौघडी करून काखेत मारलेली असते, आणि मी दोन ताटं वाढते. भिंतीशी बोलत नाही आता. एवढं कळतं.

तूच ये ना चार दिवस.

तुझी आजी

२० जुलै

आजी,

मी घरी पोचले. बसमध्ये तोंडावर ओढणी घेऊन रडले, शेजारच्या बाईने विचारलं, कोणी गेलं का?

तुझ्यासमोर बोलता आलं नाही ते लिहिते. तो मला घ्यायला बसस्टँडवर आला. माझी पिशवी घेतली आणि मागचं दार उघडलं. "मागे बस पोरी, पुढे ऊन लागतं." मी मागे बसले आजी. तो किती उंच आहे, तुझ्या दारातून वाकून येतो. सीट आजोबांच्या मापाने पुढे ओढलेली होती. त्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकले होते, मान खाली घातलेली होती, आरसा खाली वळवलेला होता. आणि तो आरामात होता. त्याला कुठेही अडचण होत नव्हती.

मग म्हणाला, "मैदानावर तुला गाडी शिकवत होतो आठवतं? पिंपाला धडकवलीस आणि मी म्हटलं, आजीला सांगायचं नाही."

आजी, कारखान्याच्या चाचणीच्या मैदानावर आजोबांनी मला गाडी चालवू दिली होती. मी पिंपाला धडकवली होती. हे आजोबांनी कोणाला सांगितलं नाही, मीही नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही. तुलाही हे आत्ता, वाचताना कळतंय.

दुपारी तो ओट्यावर बसला होता तेव्हा मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, तुझ्या आईला फोन कर, ती वाट बघते. म्हणाला, "आई जाऊन किती वर्षं झाली पोरी." माझ्या सासूबाई आज सकाळी मला विचारत होत्या, तो फोन का उचलत नाही.

निघताना मात्र एकदा, फक्त एकदा, बस सुटली तेव्हा तो खिडकीशी धावत आला. त्याच्या स्वतःच्या चेहऱ्याने. मला नावाने हाक मारली. म्हणाला, "मला उठता येत नाहीये." पायांवर उभा होता आजी, आणि म्हणत होता उठता येत नाही.

तू स्वयंपाकघरात गाणं गुणगुणत होतीस. मी तुला इतकं आनंदी माझ्या लहानपणानंतर बघितलं नव्हतं. म्हणून तिथे काही बोलले नाही. आता बोलते. तुझा माणूस गेला, त्याचं मला वाईट वाटतं. पण हा माझा माणूस आहे. मला माझा माणूस परत दे.

तो कामावर जात नाही म्हणून कंपनीचा ट्रक येऊन गाडी ओढून नेणार आहे. त्याआधी त्याला त्या सीटवरून उठव. तो तुझंच ऐकेल.

चिमणी

२ ऑगस्ट

चिमणे,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला, मग रडले, मग पदर खोचला. नातीने कधी माझ्याकडे काही मागितलं नाही. मागितलं तर एवढंच.

कंपनीचा ट्रक दारात आला. गाडीत ते बसलेलेच. फिटरकाका लांब उभे. मी खिडकीशी गेले आणि म्हटलं, "उठा आता. पोरगी रडते आहे." बस्स. माझ्याकडे बघितलं आणि उठले. मुकाट्याने उतरले. काकांनी बोल्ट सोडवले, दोघातिघांनी सीट बाहेर काढली, मी म्हटलं, आणा आत, जागेवर ठेवा. ते मागे मागे आले, सीटवर एक हात ठेवून, लहान मूल उचलून नेताना मागे चालतात तसे.

गाडी ट्रकने ओढून नेली. चालवणाऱ्याच्या सीटच्या जागी नुसतं भगदाड. ट्रकमागून जाताना पुन्हा तशीच गुळगुळीत, बिनआवाजाची झाली बघ, तिच्यात काही उरलं नाही. गल्ली टाळ्या वाजवत होती. फोरमन म्हणाले, "पत्रा गेला तिकडे, माणूस राहिला इकडे."

मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

मी खरंच वाट बघितली गं, तुझी शपथ. म्हटलं, सीट निघाली, आता बापू भानावर येतील, विचारतील, आजी, माझी गाडी कुठाय? त्यांची बॅगही भरून ठेवली होती, वर तुझा फोटो. चहा केला. बाहेर घेऊन आले तर ते सीटवर बसलेले, पाय लांब करून. कोणी बसत नाही तिच्यावर, मी ओरडणार होते. पण ओरडले नाही. ज्याची त्याची जागा. चहा प्यायले आणि म्हणाले, "साखर कमी पडली." आयुष्यभर म्हणत आले ते. मी आत जाऊन डबाच आणला.

मग मी पुन्हा उठा म्हटलं नाही. खोटं कशाला लिहू.

बॅगेतले कपडे लांबच्या लांब, पाय अडकून पडायचे. मी पेटीतला जुना सदरा काढला. भीत भीतच काढला, म्हटलं बाह्या आखूड होतील. नाही झाल्या. बरोबर बसला. खांद्यातही.

मैदानाचं आणि पिंपाचं मी विचारलं हं. चोर कुठले दोघं! कान पकडून हसले. म्हणाले, पोरीने फोडलंच का शेवटी.

परवा तो त्यांच्या खिशातला फोन वाजत होता. कानाला लावला आणि माझ्याकडे दिला. म्हणाले, "कोणी बाई आहे, मुलगा मुलगा करून रडते. चुकून लागला असेल, जरा समजाव तिला." मी समजावलं. मला नीट ऐकू आलं नाही.

तू रागावली असशील. चार दिवस रागाव आणि मग ये. ते सारखी तुझी आठवण काढतात. म्हणतात, पोरगी वाळली आहे, तोंड उतरलेलं होतं, आणि आली ती एकटीच का आली? लग्न झालं म्हणतेस, मग तिचा नवरा कुठाय? मी म्हटलं, कामात असतात. तर म्हणाले, ते काही नाही, माणूस चांगला आहे की नाही ते मी बघणार, गाडी कोणती चालवतो ते विचारणार.

तेव्हा आता येशील तेव्हा जावईबापूंना बरोबर घेऊन ये. ह्यांनी त्यांना अजून पाहिलेलं नाही.

तुझी आजी